विस्मृतीचा आरंभ केव्हा?

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्णालयात ऑगुस्टे डेटर ही ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. डॉ. आलोइस अल्झायमर यांनी तिची तपासणी केली. १९०६ मध्ये तिच्या निधनानंतर त्यांनी तिच्या मेंदूचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण केले आणि १९०७ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. त्या निबंधातील एक नोंद सहसा दुर्लक्षित राहते. तिच्या आजाराचे ठळकपणे जाणवलेले पहिले लक्षण विस्मृती हे नव्हते. पतीच्या निष्ठेविषयीचा संशय हे होते. राहत्या घरात वाट न सापडणे, वस्तू इकडून तिकडे नेऊन लपविणे, हे सारे मागाहून आले.

अशा संशयाला घरातील माणसे रोग कशी म्हणणार? ती त्याला स्वभावदोष म्हणतात, फार तर वयाला बोल लावतात. रुग्णाची साक्षही अपुरी पडते, कारण ज्या स्मृतीने साक्ष द्यावयाची तिलाच व्याधी जडलेली असते. शिवाय मेंदूतील विकृती लक्षणे दिसण्यापूर्वी १५ ते २० वर्षे साचू लागते, असे आजचे संशोधन सांगते. तेव्हा शोधावयाचा असतो तो रोगाचा नव्हे, लक्षणांचा आरंभ.

कधी लेखणी ही साक्ष देते. ब्रिटिश कादंबरीकार आयरिस मर्डॉक यांची अखेरची कादंबरी १९९५ मध्ये निघाली. निदान त्यानंतर झाले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या कादंबरीतील शब्दसंपदा पूर्वीच्या कादंबऱ्यांहून तोकडी झाल्याचे आढळले.

सामान्य कुटुंबात अशी साधने कोठून असावीत? तेथे प्रसंगांचाच आधार घ्यावा लागतो. "दोन वर्षे झाली असतील" या उत्तराने डॉक्टरांना फारसा बोध होत नाही. मुलीच्या लग्नातील देण्याघेण्याचा हिशेब आईनेच ठेवला होता काय? दिवाळीच्या फराळाचे प्रमाण प्रथम कोणत्या वर्षी चुकले? निवृत्तिवेतन आणताना वडील वाट चुकले, ते घर बदलण्यापूर्वी की नंतर?

ही चौकशी कोरडी नव्हे. अल्झायमर संथपणे वाढतो. दोन-चार दिवसांत उद्भवलेल्या भ्रमामागे जंतुसंसर्ग किंवा एखादे औषध असू शकते. डोक्यास मार लागल्यानंतर काही आठवड्यांनी आलेल्या गोंधळामागे कवटीखाली साचलेले रक्त असू शकते, आणि ते शस्त्रक्रियेने काढता येते. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव व थायरॉइडचा विकार यांवरही उपचार आहेत. म्हणून दवाखान्यात जाताना घरातील दोघा-तिघांनी आपापल्या आठवणी वेगवेगळ्या लिहून न्याव्यात. त्या परस्परांशी जुळल्या नाहीत, तरी खोडू नयेत.