बोलक्या भिंती आणि वाचणारी मुले

शाळेच्या भिंती बोलक्या असाव्यात, असे आता सर्वत्र म्हटले जाते. गावोगावच्या प्राथमिक शाळांतून रंगीत तक्ते, चित्रे आणि नकाशे दिसतात, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ही भिंत कोणाशी बोलते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याशी बोलणारी भिंत निराळी, आणि सहा वर्षांच्या मुलाशी बोलणारी निराळी. पहिली डोळ्यांना सुखावते. दुसरी मुलाला वाचावयास शिकवते आणि कोणाला विचारल्यावाचून पुढे जाण्याचे बळ देते.

चित्र आणि शब्द यांची सांगड घालण्याची कल्पना जुनी आहे. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे मुलांसाठी एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. चित्रांतील वस्तूंना त्याने आकडे दिले आणि तेच आकडे मजकुरातील शब्दांपाशी छापले. त्यामुळे अपरिचित शब्दाचा अर्थ मुलाला चित्रात स्वतः शोधता येई.

आपल्याकडे चित्राचा उपयोग पुष्कळदा पाठांतरापुरताच होतो. ‘क कमळाचा’ असे मूल खड्या आवाजात म्हणते, तेव्हा ते अक्षर वाचत असते की कमळ ओळखत असते, हे कळावयास मार्ग नसतो. यावर उपाय साधा आहे. कार्डाच्या एका बाजूस केवळ शब्द असावा आणि पाठीमागे चित्र. मुलाने शब्द वाचावा, मग कार्ड उलटून आपले वाचन स्वतःच पडताळून पाहावे. देवनागरीच्या काही अडचणीही अशाच सुटतात. ‘कि’मधील ऱ्हस्व वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते, पण तिचा उच्चार मागून होतो. वेलांटी वेगळ्या रंगात दाखविणारा तक्ता समोर असला, तर अडलेले मूल मान वर करून पाहते आणि पुन्हा वाचू लागते.

अशा साधनांना फार पैसा लागतो, ही समजूत खरी नव्हे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे अनुताई वाघ यांच्या साहाय्याने ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची महाग साधने तेथील आदिवासी पाड्यांना परवडणारी नव्हती. तेव्हा बिया, शिंपले, पाने, काड्या अशा परिसरातील वस्तूच शिक्षणाची साधने झाल्या.

आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी याच विचाराला पुढचे वळण दिले. एकच शिक्षक आणि अनेक इयत्ता, अशी तेथील स्थिती. तेथे अभ्यासक्रमाचे लहान लहान टप्पे पाडून त्यांची एक शिडी तक्त्यावर काढण्यात आली. प्रत्येक पायरीवर खुणेचे चित्र असते आणि तेच चित्र त्या पायरीच्या कार्डावर असते. मूल शिडीवर आपली जागा पाहते, जुळणारे कार्ड उचलते आणि कामाला लागते. हीच कल्पना २००३ साली चेन्नई महापालिकेच्या काही शाळांनी उचलली आणि पुढे ती तामिळनाडूच्या इतर सरकारी शाळांत पसरली. ‘गुरुजी, आता काय करू?’ हा प्रश्न जितका कमी होईल, तितका वेळ शिक्षकाला खरोखर अडलेल्या मुलासाठी मिळतो.

मात्र साधनालाही मर्यादा असते. तक्ता मुलाच्या नजरेच्या उंचीवर हवा. छताजवळ टांगलेला तक्ता ही केवळ शोभा होय. तक्ते मोजके असावेत आणि शक्य तेव्हा मुलांकडूनच करवून घ्यावेत. ज्याचे काम संपले तो उतरवावा. कारण पांगुळगाडा चालता येईपर्यंतच हवा असतो. शिक्षक क्षणभर वर्गाबाहेर गेला असताना मुले आपापले कार्ड घेऊन वाचीत राहिली, तर त्या शाळेच्या भिंती खऱ्या अर्थाने बोलक्या झाल्या, असे खुशाल समजावे.