तांब्यावर कोरलेला चेहरा
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



‘मुलाला चित्रकलेची आवड आहे, पण त्यावर पोट भरेल का?’ हा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. विक्रीसाठी केले ते काम आणि मनासाठी केली ती कला, अशी वाटणी त्यात गृहीत धरलेली असते. सतराव्या शतकातील पॅरिसने ही वाटणी मानली नव्हती.

रायगडावर राज्याभिषेक झाला त्या काळात तेथे रोबेर नांतॉय हा चित्रकोरक काम करीत होता. समोर बसलेल्या व्यक्तीचे रेखाटन तो प्रथम कागदावर करी आणि मग तेच चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने उलटे कोरी. रेघ जितकी खोल, तितकी शाई ती अधिक धरते आणि कागदावर तितकी गडद उमटते. केवळ रेघा आणि ठिपके यांतून गालावरचा उजेड, रेशमाची झळाळी आणि नजरेतील सावधपणा तो उभा करी. अशी दोनशेहून अधिक व्यक्तिचित्रे त्याने कोरली. इंग्रज लेखक जॉन एव्हलिन १६५० मध्ये त्याच्यापुढे बसला होता. पुढे तर खुद्द चौदावा लुईही बसला.

हीच चित्रे बाजारातला मालही होती. रंगवलेले चित्र एकाच भिंतीवर राही. कोरलेल्या पत्र्यावरून मात्र शेकडो प्रती निघत. पॅरिसच्या सँ-झाक रस्त्यावर छापचित्रांची दुकानेच होती. विद्यापीठात प्रबंध मांडणारे विद्यार्थी आपल्या आश्रयदात्याचे चित्र त्यासाठी छापवून घेत. प्रत्येक छापेगणिक पत्रा झिजतो आणि नाजूक रेघा पुसट होतात. म्हणून संग्राहक आरंभीच्या प्रतींना अधिक मोल देतात. व्यापारातील भाव असा रेषेच्या सौंदर्यावरच ठरतो.

१६६० मध्ये लुईने आज्ञापत्र काढून चित्रकोरणी ही मुक्त कला असल्याचे जाहीर केले आणि तिला कारागीर-संघाच्या नियमांत बांधण्यास नकार दिला. कलेचा मान मिळाला, तरी दुकाने चालूच राहिली.

पालकहो, उपजीविकेची तुमची चिंता रास्त आहे. परंतु नांतॉयच्या चित्रांना गिऱ्हाईक मिळाले ते त्याच्या तयार हातामुळे, आणि हात तयार व्हायला वर्षे लागतात. ती वर्षे मुलांना द्या. या शाळेच्या भिंतींवर उद्या त्यांनी केलेली चित्रे लागोत, आणि त्यांचा योग्य मोबदलाही त्यांना मिळो, ही शुभेच्छा.