बादलीतलं विसर्जन

शाडूच्या मूर्तीची काळजी नाही. घरच्या बादलीत ती विरघळते, माती कुंडीत जाते. खरी पंचाईत प्लास्टर ऑफ पॅरिसची. त्यावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने उपाय दिला आणि २०१६ साली महापालिकेने तो घरोघरी नेला. अमोनियम बायकार्बोनेट, बेकरीवाले बिस्किटांत घालतात तेच! साधारण मूर्तीच्या वजनाइतकं पाण्यात मिसळा, मूर्ती बुडवा, अधूनमधून ढवळा. दोनेक दिवसांत खाली कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो, वर अमोनियम सल्फेटचं पाणी उरतं. ते खतच; भरपूर पाणी घालून झाडांना द्या. वास मात्र उग्र, तेव्हा बादली गॅलरीतच बरी. हार-फुलं आधी काढून, दोरा वेगळा करून निर्माल्य कलशात टाका.