न वापरलेल्या विजेचे वकीलपत्र



 अपारंपरिक ऊर्जा का हवी, हे या सभागृहाला सांगण्याची गरज नाही. परिषदेचा अध्यक्ष म्हणून मला बोलायचे आहे ते तिचे निर्णय कुठे होतात याविषयी. तुमच्या शिवारात थ्री फेज दिवसा येणार की मध्यरात्री, छतावरच्या पॅनेलची वीज बिलात कशी वळती होणार, नवा औष्णिक संच लागणार की नाही, यातले बरेचसे दिल्लीत नव्हे, राज्य वीज नियामक आयोगापुढे ठरते. शेकडो पानांची याचिका असते, तक्त्यांमागून तक्ते असतात, आणि हरकती-सूचनांसाठी थोडे दिवस असतात. ती पाने वाचून, हिशेब मांडून सुनावणीत उभी राहणारी माणसे ही आपल्या कामाची खरी ताकद आहे, आणि त्यांचीच आपल्याकडे टंचाई आहे.

या कामाची पहिली वाट कर्नाटकातून आली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अमूल्य रेड्डी यांनी राज्याच्या वीज नियोजनाचा प्रश्नच बदलला. किती मेगावॉट लागतील, याआधी त्यांनी विचारले की लोकांना वीज कशासाठी हवी आहे: उजेडासाठी, पाण्यासाठी की यंत्रासाठी? सरकारी अंदाजाच्या निम्म्याहून कमी विजेत ती गरज भागते, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागदावर सिद्ध केले. त्या धर्तीवर महाराष्ट्रासाठी किमान खर्चाच्या वीज नियोजनाचा अभ्यास केला तो गिरीश संत आणि शंतनू दीक्षित यांनी. पुण्यातल्या त्यांच्या ‘प्रयास’ संस्थेचे हे काम १९९४ मध्ये ती उभी राहिली तेव्हापासूनचे. एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पावर मोर्चे अनेकांनी काढले आणि ते आवश्यकच होते. पण दाभोळची वीज घेतली नाही तरी राज्य वीज मंडळाला स्थिर आकार भरावाच लागेल, आणि डॉलर चढला की बिलही चढेल, हे आकडे मांडून दाखवणारे फार थोडे होते, आणि त्यांत ‘प्रयास’ होती. प्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला. मे २००१ मध्ये मंडळाने ती वीज घेणेच थांबवले. तोवर जे पैसे गेले ते तुमच्या-माझ्या खिशातले. गिरीश संत २०१२ साली अकाली गेले. आज या व्यासपीठावरून त्यांचे स्मरण करणे मी माझे कर्तव्य मानतो.

आयोग आल्यानंतर काय बदलले, याचे एकच उदाहरण देतो. मीटर नसलेल्या शेतीपंपांच्या नावावर हवी तेवढी वीज टाकता येत असे, आणि त्यामुळे वीज मंडळाची गळती अठरा टक्क्यांच्या आत दिसत असे. २००० सालच्या पहिल्या जाहीर दरसुनावणीच्या वेळी कागद उघडे पडले आणि खरा आकडा तीस टक्क्यांच्या वर निघाला. शेतकऱ्याच्या नावाआड चोरी आणि नादुरुस्त यंत्रणा लपली होती. इचलकरंजीचे ग्राहक कार्यकर्ते प्रताप होगाडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा मुद्दा पुढेही वर्षानुवर्षे लावून धरला. १९९८ आणि २००३ च्या कायद्यांनी ग्राहक प्रतिनिधीला आयोगापुढे बोलण्याची जागा दिली. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी ती जागा रिकामी राहू दिली नाही, हे आपले भाग्य.

छतावरच्या सौर विजेचेही तसेच. आयोगाच्या २०१९ च्या मसुद्यात नेट मीटरिंग, म्हणजे ही वीज बिलातून वळती करण्याची सोय, महिना तीनशे युनिटांपर्यंतच्या ग्राहकांपुरतेच ठेवण्याचा प्रस्ताव होता. राज्यभरातून हरकती गेल्या, आणि अंतिम नियमांत नेट मीटरिंग कायम राहिले. लेखी हरकतींनी एक प्रस्तावित नियम बदलला. पण असा विजय एकदा मिळाला म्हणजे कायमचा मिळाला, असे नसते. दर याचिकेत तो प्रश्न नव्या रूपाने परत येतो.

आता माझ्या मनातल्या मुख्य मुद्द्याकडे येतो. सौर आणि पवन ऊर्जेला आज पाठीराखे आहेत, कारण त्यात कंपन्या आहेत, निविदा आहेत, गुंतवणूक आहे. न वापरलेल्या युनिटला कोणी वाली नाही. ते कुणी विकत नाही, त्याचे उद्घाटन होत नाही. साधा छताचा पंखा पंचाहत्तर वॉट घेतो. बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढाच वारा तीस वॉटमध्ये देतो. एक कोटी पंखे बदलले आणि ते एकाच वेळी चालू असले, तर ४५० मेगावॉटची मागणी उतरते. त्यासाठी जमीन नको, कोळसा नको, धरणाचे पाणी नको. एलईडी दिव्याच्या बाबतीत हे आपण पाहिलेले आहे: सरकारी खरेदीत ३१० रुपयांचा दिवा मोठ्या मागणीमुळे ३८ रुपयांपर्यंत खाली आला. पंख्याच्या बाबतीत राज्याने तेवढी इच्छाशक्ती दाखवावी, ही मागणी आपण दर सुनावणीत करायला हवी.

पंपाची गोष्ट अधिक नाजूक आहे. व्होल्टेज कमी म्हणून शेतकरी मोठी मोटर बसवतो, ती जळते, रिवाइंडिंग होते, पुन्हा जळते. प्रत्येक रिवाइंडिंगमागे तिची कार्यक्षमता घसरते, डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, भार वाढतो, व्होल्टेज आणखी पडते. सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याच्या परिसरात दोन हजारांवर पंप बदलून बचत होते हे दाखवून झाले. मग ते काम राज्यभर का गेले नाही? आता साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. त्यामुळे वाचलेल्या युनिटचा फायदा शेतकऱ्याला बिलात दिसत नाही, तो सरकारी तिजोरीला होतो. म्हणून पंप बदलण्याचा खर्च सरकारनेच उचलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शेतीच्या फीडरजवळ छोटे सौर प्रकल्प उभारून दिवसा वीज देण्याची योजना मला या राज्यातील सर्वांत शहाणी ऊर्जा योजना वाटते. रात्री बारे द्यायला जाताना सर्पदंश झालेल्या माणसांच्या घरी जो बसला आहे, त्याला तिचे मोल वेगळे सांगायला नको. पण त्या फीडरवर जुनेच पंप राहिले, तर आपण महागाचे पॅनेल गळक्या व्यवस्थेला जोडत आहोत.

आपल्या ग्राहक संस्थांच्या पैशाविषयीही बोलले पाहिजे. ज्याचे प्रकरण आयोगापुढे आहे त्याचा पैसा आपण घेऊ नये. तो औष्णिक कंपनीचा असो की सौर कंपनीचा. सौर कंपनीचा दर फुगला असेल तर तेही आपणच सांगायला हवे. आपल्या शब्दाला वजन आहे ते एवढ्यामुळेच.

आणि भाषा. लासलगावच्या कांदा उत्पादकाला किंवा गडचिरोलीतल्या बचत गटाला मूळ इंग्रजी याचिका वाचता येणार नसेल, तर जाहीर सुनावणी जाहीर राहत नाही. संपूर्ण याचिका, तक्त्यांसकट, मराठीत मिळावी, अशी मागणी या परिषदेने ठरावाने करावी.

तोवर थांबू नका. ‘प्रयास’ने व्होल्टेज मिनिटामिनिटाला नोंदवणारी छोटी यंत्रे गावोगावी लावून पुरवठ्याच्या दाव्यांची पडताळणी केली. यंत्र नसेल तर वही चालेल. आपल्या फीडरवर लाइट कधी आली, कधी गेली, महिन्यात डीपी किती दिवस बंद होती, एवढे लिहून ठेवा. पुढच्या दरवाढीची नोटीस वर्तमानपत्रात येईल, तेव्हा प्रत्येक तालुक्यातून अशा नोंदीसह किमान एक लेखी हरकत मुदतीच्या आत आयोगाकडे गेली पाहिजे, आणि सुनावणीच्या दिवशी ती मांडायला तिथलेच माणूस उभे राहिले पाहिजे. ही विनंती मी अध्यक्ष या नात्याने तुम्हा प्रत्येकाला करतो.