डोंगरउतारावरील हॉटेले आणि पाण्याची वाट



सह्याद्रीच्या माथ्यावर हवापालटासाठी जाण्याची प्रथा जुनी आहे. ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी 1850 साली माथेरान शोधून काढले, असे सांगतात. तेथील धनगर-ठाकरांना ते हरवल्यासारखे कधी वाटले नव्हते, हा भाग वेगळा. त्या काळचे बंगले डोंगराचा कल पाहून बांधले जात, कारण डोंगर फोडणे खर्चाचे होते. आज खोदाईयंत्र काही दिवसांतच उतार कापून सपाटी तयार करते. म्हणजे पूर्वी इमारत डोंगराला जुळवून घेत असे, आता डोंगराला इमारतीशी जुळते घ्यावे लागते.

महाबळेश्वर व माथेरान येथे माथ्यावर जांभा आणि खाली काळा पाषाण आहे. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यात मुरते, खालच्या चिकण थरावर अडते आणि आडवे वाहत झऱ्यांच्या रूपाने उतारातून बाहेर पडते. नेमका तेथेच उतार कापला की ही वाट तुटते व पाणी खालच्या बाजूस टाकलेल्या भरावात शिरते. भराव कोरडा असेपर्यंत भक्कम दिसतो. भिजला की त्याचे वजन वाढते आणि मातीची पकड सुटते.

या पाण्याचा अंदाज घेणे अवघड नाही. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरी चोवीस तासांत सुमारे 594 मिलीमीटर पाऊस झाला. दोनशे चौरस मीटरच्या एकाच छपरावर त्या दिवशी 1 लाख 18 हजार लिटरहून अधिक पाणी पडले असणार! आणि उन्हाळ्यात अशाच छपराखाली पाण्याचे टँकर रिकामे होतात.

म्हणून अभियंत्याने इमारतीच्या आधी पाण्याचा नकाशा काढावा. इमारतीच्या वरच्या अंगास दगडी अस्तराचा चर खणून पाणी टप्प्याटप्प्याने मूळच्या ओहोळात सोडावे. एका अवाढव्य इमारतीऐवजी खांबांवर उभ्या, पायऱ्यांप्रमाणे उतरत जाणाऱ्या लहान खोल्या बांधाव्यात. मोटारी खाली रस्त्यालगतच थांबवाव्यात, कारण इमारतीइतकीच, कधी अधिकही, खोदाई तिच्याकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी होते. आधारभिंतीमागे तीन मीटर पाणी साचले, तर तळाशी दर चौरस मीटरला तीन टनांचा दाब येतो. भिंतीत छिद्रे आणि मागे दगडगोट्यांचा थर ठेवतात तो यासाठी. दर्शनी भाग देखणा व्हावा म्हणून ही छिद्रे गिलाव्याने बुजविणे म्हणजे भिंत पाडण्याची तयारी करणे होय. शोषखड्ड्याबाबतही तीच दक्षता हवी. जांभ्यात मुरविलेले मैलापाणी खालच्या वाडीच्या झऱ्यात उतरू शकते.

वर राहणारा पाहुणा दोन दिवसांनी निघून जातो, वाडी मात्र तेथेच असते. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. तेथे हॉटेल नव्हते. परंतु मुसळधार पावसात भिजलेला उतार काय करू शकतो, हे तेथे दिसले.

महाबळेश्वर-पाचगणी परिसर 2001 मध्ये आणि माथेरान 2003 मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाले. अन्यत्रच्या डोंगरांवर मात्र बरेचसे पंचायतीच्या जागरूकतेवर अवलंबून राहते. प्रस्ताव समोर आला की सदस्यांनी खोल्यांची संख्या विचारण्यापूर्वी जमिनीचा उभा छेद मागावा. खोदलेली माती कोठे जाणार आणि चराचे तोंड कोणाच्या शेतात उघडणार, हे लेखी घ्यावे. उतार मोजण्यास गवंड्याची पाण्याची नळी आणि फीत पुरे. शाळेतील गणिताच्या शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुले सोबत नेली, तर एका सकाळीत हे मोजमाप पुरे होऊ शकते. नकाशावर दाखविलेला उतार आणि नळीने मोजलेला उतार यांत तफावत आढळल्यास, परवानगीचा विचार होण्यापूर्वी तो कागद तालुक्याच्या अभियंत्याकडे फेरतपासणीसाठी पाठवावा.