उजेडाच्या आकाशातील छायाचित्रे : पहिले साधन कोणते घ्यावे?

(शिरूर कासार येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



ईदचा चाँद पाहायला आपण सारे मगरिबच्या वेळी गच्चीवर चढतो. मुले मोबाइल वर धरून फोटो काढतात आणि फोटोत नाजूक कोरीऐवजी एक पांढरा ठिपका उमटतो. मग मुलगा किंवा मुलगी म्हणते, "अब्बा, मला दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन द्या." हा हट्ट चांगला आहे. परंतु पैसे चुकीच्या वस्तूत गेले तर पैसाही जातो आणि हौसही मरते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. खोक्यावर "५२५ पट मोठे दिसेल" असे छापलेली दुर्बीण मी आणली. तिचे पाय इतके लटपटत की हात लावताच चंद्र नजरेबाहेर जाई. दोन महिन्यांत ती कपाटावर गेली. नंतर कळले की भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या फार तर दुप्पट मोठेपणा उपयोगाचा असतो. म्हणजे ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीला १२० पट पुष्कळ झाले. पटींचा आकडा पाहून दुर्बीण कधीही घेऊ नका.

तेव्हा पहिला प्रश्न दुकानात नव्हे, आपल्या गच्चीवर विचारायचा : माझे आकाश किती काळे आहे? अमेरिकेतील जॉन बॉर्टल यांनी २००१ साली आकाशाचे नऊ वर्ग पाडले. पहिला अगदी काळोखाचा, नववा महानगराच्या मध्याचा. अमावास्येच्या सुमारास आपल्या गच्चीवरून आकाशगंगेचा पट्टा दिसतो का, ते पाहा. बाजारपेठेतल्या दिव्यांखाली तो दिसणार नाही. सिंदफणेच्या काठच्या एखाद्या शेतात कदाचित दिसेल. नागपूरकडील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले "डार्क स्काय पार्क" म्हणून मान्यता मिळाली. पण दर शनिवारी पेंचला कोण जाणार? आपल्याला आहे त्या आकाशातच काम करायचे आहे.

आता मुख्य गोष्ट ध्यानात ठेवा. रस्त्यावरचे दिवे मंद वस्तू झाकतात, तेजस्वी वस्तू झाकत नाहीत. चंद्र, गुरू आणि शनी यांना दिव्यांची फारशी बाधा नाही. मे २०२१ मध्ये पुण्याच्या प्रथमेश जाजू या सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने चंद्राच्या पन्नास हजारांहून अधिक प्रतिमा एकत्र करून एक चित्र सिद्ध केले व ते देशभर गाजले. ते पुण्यासारख्या शहरातून झाले. म्हणून उजेडात राहणाऱ्याने आरंभ चंद्रापासून करावा.

त्यासाठी पहिली पायरी म्हणजे घरातला मोबाइल आणि एक भक्कम तिपाई. कोणाकडे दुर्बीण असेल तर मोबाइल तिच्या नेत्रभिंगावर बसवणारी पकड घ्यावी. एक ताकीद मात्र आहे : सूर्य पूर्ण मावळल्याखेरीज दुर्बीण पश्चिमेकडे वळवू नका. डोळा एका क्षणात कायमचा जाऊ शकतो.

दुसरी पायरी ताऱ्यांची. त्यासाठी लेन्स बदलता येणारा जुना डीएसएलआर कॅमेरा पुरतो. नव्याचा आग्रह नको. सोबत ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स असावी. पृथ्वी फिरते, म्हणून उघडा कॅमेरा फार वेळ ठेवला तर तारे रेघांसारखे ओढले जातात. याचा ढोबळ हिशेब असा : ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागा आणि अशा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात पुन्हा दीडने भागा. ५० मिलिमीटरला सहा-सात सेकंद येतात, १८ मिलिमीटरला अठरा. एवढ्याने चित्र मंद येईल आणि आकाश पांढुरके दिसेल. त्यावर उपाय म्हणजे तशीच शंभर चित्रे काढून संगणकावर एकावर एक रचणे. शंभर चित्रांनी खरखर दहापट कमी होते. सिरिल आणि डीपस्कायस्टॅकर ही त्यासाठीची सॉफ्टवेअर फुकट मिळतात. हिवाळ्यात मृगातील तेजोमेघ व कृत्तिका यांवर हा प्रयोग करावा.

तिसरी पायरी ताऱ्यांबरोबर फिरणाऱ्या बैठकीची. पैसे असतील तर भिंगापेक्षा बैठकीवर अधिक खर्च करा, कारण हलणाऱ्या बैठकीवर उत्तम भिंगही वाया जाते. पैसे नसतील तर सुताराकडून दोन फळ्या बिजागरीने जोडून घ्या. बिजागरीपासून २२.९ सेंटीमीटरवर सहा मिलिमीटर जाडीचा, एक मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा रॉड बसवा आणि मिनिटाला एक फेरी फिरवा. बिजागरीची रेषा ध्रुवताऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे उत्तर क्षितिजापासून सुमारे १९ अंश वर असावी. या फळीवर ५० मिलिमीटरच्या लेन्सने मिनिटभराचे चित्र घेता येते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी याहून चांगला प्रकल्प कोणता?

प्रकाश गाळणारे फिल्टर सगळ्यांत शेवटी घ्यावेत. पिवळ्या सोडियम दिव्यांचा उजेड फिल्टरने बराच अडवता येई. एलईडीचा पांढरा उजेड सर्व रंगांत पसरलेला असल्यामुळे तसा अडत नाही. हायड्रोजनची ६५६ नॅनोमीटरची लाल रेषा तेवढी सोडणारा फिल्टर तेजोमेघांसाठी उपयोगी आहे. दीर्घिका व तारकागुच्छ यांसाठी तो कामाचा नाही. त्याआधी समोरच्या दिव्याला भिंतीआड करून बसणे हा बिनपैशाचा फिल्टर वापरून पाहा.

अलीकडे आपोआप तारा शोधून चित्रे रचणाऱ्या लहान यांत्रिक दुर्बिणीही निघाल्या आहेत. त्या एका घराला महाग वाटतील, पण शाळेला किंवा चार घरांना मिळून घेता येतील. मुलींना घराच्या गच्चीवरूनच काम करता येईल, ही त्यांची मोठी सोय आहे. खरेदीपूर्वी पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा छत्रपती संभाजीनगर येथील एमजीएमचे अब्दुल कलाम यांच्या नावाचे अंतराळ विज्ञान केंद्र यांच्याकडे चौकशी करून साधन डोळ्यांनी पाहावे.

बंधुभगिनींनो, कृत्तिकांना अरबीत सुरय्या म्हणतात. हे नाव आपल्या कितीतरी लेकींचे आहे. तिच्यामागून येणारी रोहिणी म्हणजे अद्-दबरान, "मागून येणारा". अब्दुर्रहमान अस्-सूफी यांनी सन ९६४ च्या सुमारास आपल्या ग्रंथात देवयानी दीर्घिकेची "छोटा ढग" म्हणून नोंद केली. त्यांच्यापाशी दुर्बीण नव्हती; काळे आकाश आणि चिकाटी होती. आपल्या मुलांचे आकाश दिव्यांनी उजळले आहे, पण चिकाटी अजून आपल्या हाती आहे. तेव्हा पालकांनो, यंदा दुर्बिणीऐवजी भक्कम तिपाई घेऊन द्या आणि महिनाभर मुलाबरोबर गच्चीवर बसा. महिन्याअखेर त्याच्या वहीत चंद्राच्या पंधरा कलांची चित्रे असतील, तर पुढचे साधन खुशाल घ्या. नसतील, तर आपले पैसे वाचले असे समजा.