उचलता डोंगर, कापती नदी



मी गोदी कामगारांत वावरणारा मनुष्य. भूगर्भशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तरीही हा विषय मी मागून घेतला. कारण तो आमच्या माणसांच्या जिवाशी निगडित आहे.

आपल्यापैकी कित्येकांच्या देव्हाऱ्यात शाळिग्राम असेल. तो नेपाळात काली गंडकीच्या पात्रात मिळतो. त्यातले चक्र म्हणजे एका समुद्रजीवाच्या शंखाचा ठसा. समुद्रातला प्राणी हिमालयात कसा पोचला? तर तेथे एके काळी समुद्रच होता. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारतभूमी उत्तरेकडे सरकत आशियावर आदळली आणि त्या समुद्राचा तळ घड्या पडून वर आला. आजही ही भूमी वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकते आहे.

आता दुसरे नवल पाहा. सिंधू आणि ब्रह्मपुत्र हिमालयापलीकडे उगम पावतात आणि त्याला भेदून अलीकडे येतात. पाणी तर डोंगर चढत नाही! शास्त्रज्ञ सांगतात, अशा नद्या आधीच्या, डोंगर मागाहूनचा. जमीन बोटभर उचलली गेली की नदीने ती बोटभर कापली. लाखो वर्षे ही झुंज चालली.

परंतु नदी डोंगराला नुसती कापते असे नाही. ती त्याला उचलतेही. गोदीत मालाने भरलेली बोट पाहा. हमाल जसजसा माल उतरवतात, तसतशी बोट वर येते आणि पाण्याखालचा रंगाचा पट्टा दिसू लागतो. पृथ्वीचे कवचही खालच्या जड थरावर असेच तरंगते, हा विचार एअरी या इंग्रज शास्त्रज्ञाने १८५५ साली मांडला. नदी दरीतला दगडगोटा वाहून नेते, भार हलका होतो, आणि आसपासची शिखरे वर येतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार, सुमारे ८९ हजार वर्षांपूर्वी अरुण नदीला दुसरा प्रवाह मिळाला. त्यानंतर तिने केलेल्या झिजेमुळे एव्हरेस्ट १५ ते ५० मीटर अधिक उंचावले.

म्हणजे हिमालय ही पुरी झालेली इमारत नव्हे. ते चालू काम आहे. वर उचल, खाली काप, म्हणून कडे उभे आणि दरडी सैल. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोली जिल्ह्यात रोंती शिखराचा खडक बर्फासह कोसळला. ऋषिगंगा-धौलीगंगेच्या लोंढ्यात २०० हून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली. त्यांत वीजप्रकल्पांवरचे मजूर पुष्कळ होते; काही बोगद्यातच अडकले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सिलक्यारा येथे रस्त्याच्या बोगद्यात दरड कोसळून ४१ मजूर १७ दिवस कोंडले गेले. यंत्र अडले, तेव्हा शेवटचे काही मीटर खाणकामगारांनी हातांनी खोदले आणि सर्वांना जिवंत बाहेर काढले.

रस्ते नकोत, वीज नको, असे मी म्हणत नाही. परंतु चालू कामाच्या जागी सुरक्षिततेचे नियम असतात. मग ज्या डोंगराचे कामच अजून चालू आहे, त्याच्या पोटात माणूस उतरवण्यापूर्वी खडकाची तपासणी, नदीच्या वरच्या अंगाला धोक्याची घंटा आणि बाहेर पडायला दुसरी वाट, एवढे तरी नको काय? हे ज्ञान इंजिनिअराच्या टेबलावर राहून चालणार नाही. पहार धरणाऱ्यापर्यंत, त्याच्या भाषेत, ते पोचले पाहिजे.